आधी चेहरा मोकळा, मग भाव: गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या मुलामुलींसाठी

गाण्याच्या वर्गात चेहऱ्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. नाचाच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच विचारतात. मिरजेत आमच्या घरी दोन्ही वर्ग चालतात. पुढच्या खोलीत मी ख्याल आणि ठुमरी शिकवते, मागच्या हॉलमध्ये माझी धाकटी बहीण कथक शिकवते. अधूनमधून दोन्हीकडच्या मुलांना एकत्र बसवून आम्ही फक्त चेहऱ्यावर काम करतो, आणि दर वेळी तेच दिसतं. गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नको ते फार चाललेलं असतं, आणि नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हवं ते आधीच ठरवून आणलेलं असतं. उपाय मात्र दोघांनाही एकाच क्रमाने करावा लागतो: आधी चेहरा मोकळा करायचा, मग त्यावर भाव येऊ द्यायचा. पहिलं काम स्नायूंचं आहे आणि ते आरशासमोर करायचं. दुसरं मनाचं आहे, तिथे आरसा आड येतो. सुरुवातच दुसऱ्या कामापासून केली, तर आवळलेल्या जबड्यावर करुण रस आणि आठ्या पडलेल्या कपाळावर शृंगार असं काहीतरी होतं, आणि ऐकणारा नकळत मान खाली घालून ऐकू लागतो.

दोष शोधायचा कसा

फोन तिवईवर लावा, चेहरा आणि छातीचा वरचा भाग दिसेल इतका जवळ, आणि रोजच्या रियाजातला दहा मिनिटांचा तुकडा चित्रित करा. सादरीकरणाचं चित्रण घेऊ नका. तिथे सगळे जरा सावध असतात. मग तो तुकडा आवाज पूर्ण बंद करून पाहा. आवाज चालू असला की आपलं लक्ष सुराकडे जातं आणि चेहरा सुटतो. पहिल्यांदा पाहताना बहुतेक मुलं म्हणतात, "ताई, हे मी करते?" हो, आणि रोज करतेस. चेहऱ्याचे स्नायू आपल्याला आतून फारसे कळत नाहीत, म्हणून बाहेरून पाहणं भाग आहे.

चेहरा हलला म्हणजे लगेच दोष झाला, असं समजू नका. माणूस वरचा स्वर गाताना भुवई थोडी उचलतोच. काही संशोधकांनी गाणाऱ्यांची चित्रणं आवाज बंद करून लोकांना दाखवली, तर दोन स्वरांमधलं अंतर लहान आहे की मोठं, हे पाहणाऱ्यांना नुसत्या चेहऱ्यावरून बऱ्यापैकी ओळखता आलं. चेहरा सुराबरोबर चालतो, आणि त्याने चालावंच. माझी कसोटी एवढीच: हालचाल स्वराबरोबर येऊन परत जाते, की येऊन बसून राहते? दुसरी कसोटी याहून कडक. तोच अलंकार, म्हणजे सरावाचा स्वरसमूह, भैरव रागात गा आणि खमाज रागात गा. दोन्हीकडे डावी भुवई तश्शीच वर जात असेल, तर तिचा रागाशी काही संबंध नाही. ती सवय आहे, आणि तिलाच आपण मुद्रादोष म्हणतो.

आपल्याकडे हे फार पूर्वी बारकाईने नोंदलेलं आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष दिले आहेत. बेसूर, बेताल ही मंडळी त्यात आहेतच, पण बरेचसे दोष सरळ चेहऱ्याचे आणि मानेचे आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, तोंड भलतंच वासणारा कराली, मान उंच ताणणारा करभ, कपाळाच्या-गळ्याच्या शिरा फुगवणारा झोंबक, गाल फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, डोळे मिटून गाणारा निमीलक. वर्गात मी ही यादी भिंतीवर लावली आहे. प्रत्येकाने आपलं चित्रण पाहून आपला शब्द स्वतः शोधायचा. दुसऱ्याने बोट दाखवलं की राग येतो. स्वतः सापडलेला दोष लवकर जातो.

जबडा, कपाळ, डोळे

सगळ्यात आधी जबडा, कारण तो सुटला की निम्मे दोष आपोआप सैल पडतात. कानाच्या पुढे, जिथे जबड्याचा सांधा आहे, तिथे दोन्ही बाजूंना बोटं ठेवा आणि मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या 'प'पासून) मध्य पंचमापर्यंत आकारात, म्हणजे नुसतं 'आ' म्हणत, सावकाश जा. बोटांखालचा स्नायू कोणत्या स्वरावर टणक होतो ते पाहा. बहुतेकांचा षड्जाच्या आसपासच होतो, अजून वरचं काही गायलेलंही नसतं. त्या स्वरावर थांबा, आवाज अर्धा करा, खालचा जबडा स्वतःच्या वजनाने सुटू द्या, मग पुढे जा. हनुवटी हाताने खाली ओढू नका, त्याने कराली तयार होतो. जबडा आवळला की जिभेचं मूळ ताठ होतं आणि आवाज अडतो; मग आवाज बाहेर काढायला मान पुढे येते, शिरा फुगतात, कपाळ गोळा होतं. दिसतं कपाळ, पण दुखणं खाली असतं.

तरीही कपाळाची सवय राहिलीच, तर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी घ्या आणि दोन भुवयांच्या मधोमध उभी लावून रियाजाला बसा. आठी पडली की पट्टी चुरगळते आणि त्वचेला लगेच कळतं. आरशात डोळे खिळवून गाण्यापेक्षा हे बरं. पट्टी रोज थोडा वेळच लावा, आणि ती काढल्यावर तोच तुकडा पुन्हा गा.

ओठांची गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण ओठ हलले की आवाजच बदलतो. कोपरे ताणून हसरा चेहरा केला की आवाज उजळ आणि पातळ होतो. ओठ पुढे गोल आले की तो गडद होतो. म्हणून 'चेहरा हसरा ठेव' हा सल्ला गाणाऱ्याला सरसकट देऊ नये. आनंदाची बंदिश असेल तर आनंद डोळ्यांखालच्या भागात आणि गालांच्या वरच्या भागात येऊ द्या, आणि 'आ'चा उच्चार ओठांपासून शाबूत राहू द्या.

डोळे मिटण्याबद्दल शारंगदेवाइतकी कडक मी नाही. विलंबित आलापीत डोळे मिटले जातात, आणि ते मिटणं खरं असेल तर ऐकणाऱ्यालाही आत नेतं. पण मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना डोळे उघडा. तबलजीकडे बघा, समोर बघा. सम ही एकट्याची नसते. बैठकीत नजर कुठे ठेवावी असं विचाराल, तर समोरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या माणसांच्या डोक्यांच्या किंचित वर. तिथून ती कुणाकडेही सहज खाली आणता येते. वही किंवा टॅबलेट समोर ठेवून गायलात तर यातलं काहीच होणार नाही. चेहरा कागदाकडे पडतो, पापण्या अर्ध्या मिटतात आणि मागच्या रांगेला फक्त केसांचा भांग दिसतो. पेटी स्वतः वाजवत गाणाऱ्यांचंही तेच. पट्ट्यांकडे न बघता वाजवायचा वेगळा सराव करा.

आता थोरांच्या हालचालींबद्दल, कारण मुलं हटकून विचारतात: भीमसेनजी एवढे हातवारे करायचे, मग आम्ही का नाही? भीमसेन जोशींचा हात, मान, चेहरा तानेबरोबर जायचा, कारण ती तान त्यांच्या पोटापासून निघायची आणि सगळं अंग तिच्या मागे यायचं. उलट उस्ताद अमीर खाँ जवळजवळ निश्चल बसून गायचे, आणि त्यांच्या त्या स्थिरतेतही गाणं तितकंच भरून असायचं. दोघांचा चेहरा आपापल्या गाण्यातून आला आहे. नक्कल करणारा मुलगा हात उचलतो तेव्हा तान अजून गळ्यातच असते. हालचाल उसनी आणू नका. तुमच्या गाण्यात ती असेल तर दम वाढला की येईल.

नाचणाऱ्यांचा चेहरा: आधी रिकामा

हा भाग माझ्या बहिणीकडून शिकलेला आहे, आणि तिच्या वर्गात रोज दिसतो.

नृत्तात, म्हणजे कथा-भाव नसलेल्या, नुसत्या तालाच्या नाचात (तत्कार, तोडे, परण), दोन गोष्टी बिघडतात. एक, ओठ हलतात. मुलगी मनात 'ता थेई थेई तत' मोजत असते आणि ते सगळ्या सभागृहाला दिसतं. यावर उपाय पढंत. बोल हाताने ताल देत मोठ्याने, इतक्या वेळा म्हणायचे की ते तोंडातून पायात उतरतील. त्यानंतर नाचताना जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे हलकं टेकवून ठेवायचं, ओठ जेमतेम मिटलेले. दोन, चिकटलेलं हसू. ओठांचे कोपरे वर आणि डोळे भेदरलेले. एकोणिसाव्या शतकात द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की खऱ्या हसण्यात गालाच्या स्नायूबरोबर डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आकसतो, आणि तो ठरवून आकसवणं सोपं नसतं. प्रेक्षकाला यातलं काही माहीत नसतं, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला पहिल्या क्षणी कळतं. म्हणून बहीण मुलींना हसूच नका म्हणून सांगते. नाकाने श्वास घ्या, डोळ्यांखालचा भाग सैल सोडा आणि समोरची एक वस्तू नीट बघा. नीट बघणारा चेहरा आपोआप जागा दिसतो. भरताने नाट्यशास्त्रात मुखराग, म्हणजे भावानुसार चेहऱ्यावर येणारे रंग, चार सांगितले आहेत: स्वाभाविक, प्रसन्न, रक्त (लालसर) आणि श्याम (काळवंडलेला). त्यातला स्वाभाविक पहिला येतो. नृत्ताला बहुतेक वेळा तेवढा पुरतो.

चक्करांमध्ये चेहरा फिरून फिरून समोरच्या एकाच बिंदूवर परतला पाहिजे, आणि तो बिंदू डोळ्यांच्या उंचीवर हवा. खाली ठरवला की शेवटच्या चक्करीला हनुवटी पडते. समेवर थांबल्यावर 'सुटले बाई' असा भाव येतो, तोही काढायला हवा. सम घेतल्यावर पूर्ण एक मात्रा नजर तिथेच ठेवायची, मगच श्वास सोडायचा.

भाव: 'आलात?'

आता आरसा झाकून ठेवा. आमच्या हॉलमध्ये आरशाला पडदा आहे तो याचसाठी.

परीक्षेसाठी नवरसांचे नऊ चेहरे पाठ करायची पद्धत आहे. रौद्राला डोळे मोठे, बीभत्साला नाक मुरडलेलं, आणि प्रत्येक चेहऱ्यावर दोन सेकंद थांबायचं. ओळख म्हणून ते ठीक आहे. पण भरताने आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणाऱ्या, भावांबरोबर ३३ संचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव का सांगितले? कारण माणूस एका भावावर थांबत नाही. राग आलेली बाई मध्येच हिरमुसते, मग तिला शंका येते, मग आठवण, मग लाज, आणि पुन्हा राग. चेहऱ्याचं सगळं सौंदर्य या जाण्या-येण्यात आहे. थांबलेला चेहरा फोटोत चांगला दिसतो, मंचावर मरतो.

म्हणून आम्ही एकच शब्द देतो: 'आलात?' दारात माणूस आला आहे आणि तुम्ही एवढंच म्हणताय. आधी ठरवा, तो कोण. नवरा असेल तर किती दिवसांनी आलाय? सावकार असेल तर हप्ता थकलाय का? सासरे असतील तर तुम्ही उठून उभ्या राहिलात का? मुलगा असेल तर किती वर्षांचा? दार कुठे आहे, उजेड कुठून येतोय, तुमच्या हातात काय आहे? ही उत्तरं नक्की होईपर्यंत शब्द म्हणायचा नाही. मग पाहायचं, श्वास घ्यायचा, आणि मग म्हणायचं. क्रम असाच: नजर, श्वास, शब्द. भाव चेहऱ्यावर शब्दाच्या निमिषभर आधी दिसला पाहिजे, कारण खऱ्या आयुष्यात मनात आधी येतं आणि तोंडातून नंतर निघतं. शब्द म्हणून झाल्यावर भाव आणलात तर तो शब्दाचं स्पष्टीकरण होतो.

नजरेची उंची अंतरासकट ठरवा. बाळकृष्ण दाखवायचा असेल तर तो गुडघ्यापेक्षा थोडा वर; बहुतेक मुली त्याच्याकडे हवेत, स्वतःच्याच डोळ्यांच्या पातळीवर बघतात, आणि मूल पाच फुटांचं होतं. झोपाळ्यावर बसलेला माणूस, घोड्यावरचा, नदीपलीकडचा, प्रत्येकाला नजरेची वेगळी जागा आहे. 'अभिनयदर्पण' या जुन्या संस्कृत ग्रंथातला 'यतो हस्तस्ततो दृष्टिः' हा श्लोक सगळ्यांना पाठ असतो: जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन, जिथे मन तिथे भाव, जिथे भाव तिथे रस. यातली दुसरी पायरी सगळ्यात जास्त राहून जाते. नजर हाताकडे जाते, पण तिथे काही बघत नाही. फूल दाखवणाऱ्या मुलीला मी विचारते, पाकळ्या किती? उत्तर आलं नाही तर तिने फूल पाहिलेलं नाही.

'आलात?' जमू लागलं की तेच गाणाऱ्यांना दोन-तीन स्वरांत बांधून द्यायचं, आणि इथेच दोन्ही वर्ग एकत्र येतात. कारण आपल्याकडे गाणं आणि अभिनय एकाच माणसाने, बसल्या जागी करायची भक्कम रीत आहे: बैठकीची लावणी. गाणारीण बसलेली असते, पायात घुंगरू असले तरी उठायचं नसतं. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अर्थ बदलते. पहिल्यांदा लाडाने, मग रुसून, मग टोमणा मारत, मग एकदम हात टेकून. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८, २०१२ साली पद्मश्री) आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर या त्यातल्या फार मोठ्या. यमुनाबाईंची जी चित्रणं उपलब्ध आहेत ती मुलांना मी आधी आवाजासकट, मग आवाज बंद करून, मग नुसती ऐकायला लावते. वय झालेला चेहरा, आणि एका पापणीच्या हालचालीत समोरच्या माणसाची जागा कळते. लखनौच्या कथक परंपरेतही बसून ठुमरीचा भाव सांगण्याची अशीच रीत आहे. शंभू महाराज त्यासाठी नावाजलेले होते.

सरावासाठी कृती अशी. स्वतःची साधी ओळ घ्या, चार-पाच शब्दांची. ती पाच वेळा गायची आहे. प्रत्येक वेळी वेगळा शब्द उचलायचा, आणि उचललेल्या शब्दाच्या आधीच्या जागेत नजर वळवायची. ओळ संपल्यावर तबला चालू असतो त्या मोकळ्या मात्रांमध्ये चेहरा टाकून देऊ नका. ऐकणारा त्याच वेळी तुमच्याकडे सगळ्यात जास्त बघत असतो. तिथे काही करायचंही नाही, समोरच्याचं उत्तर ऐकायचं. सगळ्यात सुंदर अदा बऱ्याचदा या न गायलेल्या मात्रांत असते.

हे करताना हात कमी ठेवा. भरत म्हणतो की मुखराग नसेल तर बाकीचं सगळं अंग-उपांगांसह केलं तरी शोभा येत नाही, आणि शरीराचा अभिनय थोडाच असला तरी मुखरागामुळे तो दुप्पट शोभतो, रात्री चंद्र शोभावा तसा. चेहरा कमी पडतो तेव्हा मुलं हात वाढवतात. मी हात मांडीखाली दाबून बसायला लावते आणि तीच ओळ पुन्हा मागते.

आणि ज्यांना चेहऱ्याने काही करणं जमतच नाही, संकोच वाटतो, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. सुलोचना चव्हाण अंगभर पदर घेऊन, हावभाव न करता लावणी गायच्या, आणि ठसका सगळा आवाजात असायचा. उच्चार, श्वास आणि शब्दावरचा जोर यांतून जे होतं ते चेहऱ्यावर दाखवायलाच हवं असा नियम नाही. चेहरा फक्त आड येऊ नये.

सभागृहात

घरच्या बैठकीत पापणी दिसते, सांगलीच्या भावे नाट्यमंदिराच्या मागच्या रांगेतून ती दिसत नाही. तिथे दिसतो मानेचा कोन आणि चेहरा कोणत्या दिशेला आहे ते. म्हणून मोठ्या ठिकाणी भाव वटारायचा नसतो. तोच भाव अर्धी मात्रा जास्त थांबवायचा आणि मान त्याच्याबरोबर न्यायची. दिवे तपासा. थेट डोक्यावरून पडणारा दिवा डोळ्यांच्या खोबणीत सावली करतो आणि सगळी मेहनत काळोखात जाते. प्रकाशवाल्या दादांना आधीच विनंती करा की समोरून तिरका, कपाळाच्या थोडा वरून उजेड हवा. ते शक्य नसेल तर हनुवटी बोटभर उचला. गाणाऱ्यांनी माइक तोंडासमोर न ठेवता थोडा खाली, हनुवटीच्या पातळीवर लावून घ्यावा. आवाज जातो आणि ओठही दिसतात.

स्वर निसटला, पाऊल चुकलं, तर जीभ चावणं, डोळे मिटणं, साथीदाराकडे रोखून बघणं, यातलं काहीही नको. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना चूक तुमच्या चेहऱ्यावरूनच कळते. रियाजातसुद्धा चुकल्यावर तोंड वाकडं न करता पुढे जायची सवय लावा, कारण मंचावर तीच सवय येते.

शेवटी पालकांना कळकळीने एक सांगायचं आहे. टीव्हीवरच्या स्पर्धा बघून आठ-नऊ वर्षांच्या मुलींना ओठ मुडपायला, डोळा मारायला शिकवलं जातं आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या वयात विरह माहीत नसतो. ती मुलगी मोठ्या बाईच्या चेहऱ्याची नक्कल करते, आणि पुढे तोच मुद्रादोष काढायला वर्षं जातात. तिला मांजर दाखवायला सांगा, ते दुधाकडे कसं येतं. हातातून निसटलेला पतंग दाखवायला सांगा, आईने लपवलेला लाडू सापडल्यावर काय झालं ते सांगायला लावा. हे सगळं तिने पाहिलेलं आहे, त्यामुळे चेहरा शिकवावा लागत नाही. तालात बसवून द्या, आणि ती करत असताना मध्ये 'हस, हस' म्हणू नका.